ऱ्ह ची रिकामी जागा

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही.

एके काळी सांगायचे. मला पाहायला आले तेव्हा सासऱ्यांनी स्वयंपाकाचं विचारलंच नाही. त्यांनी खिशातून कागद काढला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "पोरी, चार ओळी लिहून दाखव." वर्ध्यात कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. पत्रिका आधी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने हाताने लिहायची, त्या कागदावरून जाळीवर छाप उतरवायची आणि मग आमचे हे त्या जाळीतून रंग ओढून पत्रिका छापायचे. लिहिणारा माणूस म्हातारा झाला होता आणि सासरे सून नाही, हात शोधत होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

नव्वदचं दशक लागलं तोवर मी त्या दुकानात मुरले होते. सकाळी बोरगाव मेघेच्या घरून डबा घेऊन निघायचं, दुकानात खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं आणि दिवसभर लोकांची लग्नं लिहायची. सासऱ्यांनी दुकानात एक रीत घातली होती. छापून झालेली पहिली पत्रिका गिऱ्हाईक देवापुढे ठेवतंच, पण त्याच्याही आधी एका पत्रिकेला हळद-कुंकू लावून ती अक्षर काढणाऱ्याच्या हातात द्यायची, सोबत पेढा. सासरे म्हणत, लग्नाची सुरुवात ज्याच्या हातून झाली त्याचा आधी मान. नवरदेवाचा बाप, कधी आष्टीचा, कधी सेलूचा, टोपी काढून माझ्यापुढे उभा राहायचा आणि दोन्ही हातांनी पत्रिका द्यायचा. घरात मला असं दोन्ही हातांनी कोणी काही देत नव्हतं. त्या पत्रिका मी पत्र्याच्या पेटीत ठेवायचे, आणि पेटीला कुलूप होतं.

मग धाकटी जाऊ आली.

ती नागपूरची. कंप्युटरचा कोर्स केलेली, गोरी, चटचटीत, आणि हसरी. आली त्याच्या पुढच्याच वर्षी दिराने दुकानात कंप्युटर आणला. त्याच्यासाठी पडदा लागला, चपला बाहेर काढायची पाटी लागली, जावेने त्याच्यावर घालायला जरीच्या काठाचं आवरण शिवलं. माझी खिडकी त्याच्याकडे गेली, कारण कंप्युटरला हवा लागते म्हणे. मला लागत नसावी. माझं टेबल मागे रंगाच्या डब्यांपाशी सरकलं.

गिऱ्हाइकं दारातूनच म्हणू लागली, "कंप्युटरची पत्रिका पाह्यजे." ती पडद्यावर अक्षरं टिचकायची, लहान-मोठी करायची, कोपऱ्यात गणपती बसवायची, आणि मी ज्याला अख्खा दिवस घेत असे ते चहा निवायच्या आत मशीनमधून ट्रेसिंग पेपरवर निघायचं. आणि रीत ती रीत. अक्षर तिचं, म्हणून कुंकू लावलेली पहिली पत्रिका तिच्या हातात. ती पेढा अर्धा करून अर्धा मला द्यायची. मी तो पुडीत बांधून घरी न्यायचे आणि पोरीला द्यायचे. माझ्या तोंडात तो गेला नसता.

मी जळत होते. गोड शब्दात सांगायची गरज नाही. ती दुष्ट असती, टोचून बोलली असती, तर मला सोपं गेलं असतं. पण ती मला ताई म्हणायची, माझ्या मुलीची वेणी घालायची, सासूबाईंचे पाय दाबायची. मला धरायला काही कोपराच सापडत नव्हता.

तो कोपरा कंप्युटरनेच दिला. आष्टीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरची पत्रिका होती. खालच्या ओळीत 'वऱ्हाडी मंडळींनी वेळेवर यावे' असं हवं होतं. जावेने व टिचकला आणि थांबली. मग पुन्हा टिचकला, पुन्हा थांबली. तिने एकदा साधा र घातला, एकदा रफार देऊन पाहिला. मी मागून सगळं पाहत होते.

"ताई," ती म्हणाली, "हे ऱ्ह येऊनच नाई राह्यलं."

"काऊन?"

"त्यात नाईच ते."

तिने मला समजावलं. कंप्युटर मुळात इंग्रजीसाठी झालेला. त्याच्यात अक्षरं ठेवायला मोजकेच खण. इंग्रजीचा संसार लहान, त्यांना पुरतात. त्याच खणांमधली इंग्रजी अक्षरं काढून तिथे आपल्या अक्षरांची चित्रं बसवली, की झाला मराठी फाँट. पण आपली अक्षरं, अर्धी अक्षरं, काने, वेलांट्या, शिवाय जोडाक्षरं, एवढी सगळी त्यात मावत नाहीत. लग्नात वऱ्हाड उतरतं त्या जानोशात खोल्या थोड्या आणि पाहुणे दुप्पट, तसं. ज्यांचं रोज काम पडतं त्यांना खोली मिळाली, बाकीचे बाहेर. ऱ्ह बाहेर राहिला होता. वऱ्हाडात बसून वऱ्हाडी लिहिता येत नाही, असलं ते महागाचं यंत्र. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला रंगाचे डबे पुसायला घेतले.

सासरे पडद्याआडून आले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "मंग तितली जागा सोड. थोरली भरन."

तिने जागा सोडून कागद काढला. मी तो माझ्या टेबलावर आणला, पेन उघडलं, श्वास रोखला आणि त्या रिकाम्या जागेत ऱ्ह काढला. तिच्या अक्षरांच्या जाडीला जाडी जुळवली. भिंग लावून पाहिलं असतं तरी कळलं नसतं. चार दिवसांनी तो शेतकरी कुंकवाची पत्रिका घेऊन आला आणि आमच्या दोघींच्या मध्ये घुटमळला. सासऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि निवाडा दिला, "शेवटचं अक्षर ज्याचं पडलं, पत्रिका त्याची."

शेवटचं अक्षर माझं होतं.

तेव्हापासून आमच्या दुकानात तो शिरस्ताच पडला. ती पत्रिका टिचकायची, जे अक्षर येत नसेल तिथे जागा सोडायची आणि मला हाक मारायची, "ताई, इथं तुमचं अक्षर टाका." मी ती जागा भरायची आणि पहिली पत्रिका माझी. ऱ्ह तर होताच, पण विठ्ठलातला ठ्ठ होता, सद्भावनेतला द्भ होता, ह्न होता. मी अशा अक्षरांवर टपून बसू लागले. एखाद्या पत्रिकेत एकही अवघड अक्षर नसलं की मी गिऱ्हाइकाला मधाचं बोट लावायचे. "दुपारी काय लिहिता, भाऊ? मध्याह्नी लिहा ना. पत्रिकेले वजन येते." माणूस भारावून हो म्हणायचा. त्या वर्षांत वर्ध्याच्या आसपास कितीतरी लग्नं मध्याह्नी लागली, ती माझ्यामुळे. आणि 'वऱ्हाडी मंडळी' ही ओळ तर मी नियमच केला होता. कोणी नको म्हटलं तर मला राग यायचा.

एकदा मोठं काम आलं. पत्रिका रंगीत हव्या होत्या, म्हणून जावेने फाइल फ्लॉपीत घालून नागपूरच्या मोठ्या प्रेसला पाठवली. तिथल्या कंप्युटरमध्ये आमचा फाँट नव्हता. त्यांनी न पाहता नमुना छापून पाठवला, आणि लिफाफ्यातून निघाली इंग्रजी अक्षरांची, स्वल्पविरामांची आणि डॉलरच्या खुणांची खिचडी. गणपती तेवढा शाबूत होता. त्याच्याखाली वधू म्हणजे चार कंस आणि वर म्हणजे एक टक्क्याची खूण. त्या यंत्राला मराठी येतच नव्हतं. आपण आपली चित्रं त्याच्या इंग्रजीवर पांघरून ठेवली होती, आणि पांघरूण ओढलं की खाली हे. मी त्या संध्याकाळी घरी शिरा केला. कारण कोणाला सांगितलं नाही. पण ती नालायक स्वतःच तो नमुना घेऊन आली, सासूबाईंना दाखवला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "पाहा ना आई, नवरीचं नाव कसं लिहिलं!" सगळं घर तिच्याबरोबर हसलं. माझा शिरा गारठला.

वर्षं गेली. सासरे गेले, त्यांची रीत मागे राहिली. जावेने नवे फाँट आणले, जाड, बारीक, वळणदार. प्रत्येक नव्या फाँटच्या वेळी मला वाटायचं, आता ऱ्ह आलाच असेल. मी तिच्या मागे जाऊन उभी राहत असे. ती व टिचकायची, थांबायची, मान हलवायची. "यातही नाई, ताई." आणि मी माझ्या टेबलाशी परत जायचे. मला खुर्ची होती, काम होतं, मान होता, कारण जगातल्या हुशार लोकांना एक ऱ्ह करता येत नव्हता.

तेरवीच्या पत्रिकाही आम्ही करायचो. पण त्यांना कुंकू नाही, पेढा नाही, पहिली पत्रिका देणं नाही. त्या ती एकटीच करायची. मी त्यांत कधी डोकावले नाही. मला त्यांत मिळायचं काय?

दोन हजार साल उलटून बरीच वर्षं झाल्यावर नवा कंप्युटर घ्यायचं ठरलं. नागपूरहून एक माणूस तो बसवायला आला. मिशीवाला, बोलका. त्याने सांगितलं की आता नवी पद्धत आली आहे, चित्रांचा जुगाड संपला. आता जगातल्या प्रत्येक भाषेच्या अक्षराला कंप्युटरमध्ये स्वतःचा नंबर आहे, मराठीलाही. फाइल नागपूरला पाठवा नाहीतर अमेरिकेला, मराठी ती मराठीच दिसणार. मी चहा देत होते.

जुनं काम नव्यात आणायचं म्हणून त्याने जुन्या कंप्युटरवरची एक फाइल उघडली. तेरवीची पत्रिका होती. पडद्यावर मजकूर आला आणि मधल्या ओळीत, स्वच्छ, अख्खा, ऱ्ह.

मी बशी खाली ठेवली. "हे कसं आलं?"

"काय, काकू?"

"हा ऱ्ह. हे तर येत नाई ना यात?"

"येत नाई कसं? एका फाँटमध्ये मावत नाई म्हणून जोडाक्षरांचा अलग फाँट देत होते, त्याचा जोडभाऊ. तो तर यात कवाचाच टाकेल आहे." त्याने माउस फिरवला आणि दाखवलं. ऱ्ह होता, ठ्ठ होता, द्भ होता, ह्न होता. माझे सगळे होते, ओळीने उभे.

जाऊ उभी होती ती खाली बसली. तो माणूस वायर आणायला बाहेर गेला तेव्हा मी तिला विचारलं, "कवापासून?"

"दुसऱ्याच सालापासून, ताई."

"मंग जागा काऊन सोडत होती?"

ती माउसची वायर बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "ज्या दिवशी पहिली पत्रिका मले भेटे, त्या दिवशी तुम्ही डबा तसाच्या तसा घरी नेत होत्या. मी पाहत होतो ना."

नागपूरकडच्या कितीतरी बायका 'पाहत होतो' म्हणतात, तशी ती म्हणाली. मला त्या क्षणी तिच्या बोलण्याचाही राग आला.

ती कृपा करत होती. मी समजत होते की माझ्या हातावाचून दुकान अडतं, आणि ही बाई माझ्यासाठी वर्षानुवर्षं दार मुद्दाम उघडं ठेवून बसली होती. मध्याह्न, सद्भावना, माझी सगळी हुशारी तिला दिसत होती आणि ती गालातल्या गालात मान हलवत होती, "यातही नाई, ताई." इतकी वर्षं मी तिच्या हाताचा, तिच्या खिडकीचा हेवा केला. आता कळलं की तिचं मनही माझ्यापेक्षा मोठं आहे. एवढं तरी माझ्यासाठी ठेवायचं होतं. पेटीतल्या सगळ्या पत्रिका तिने दिलेल्या निघाल्या.

"आता सोडू नको," मी म्हटलं. तिने सोडली नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांत माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिची पत्रिका मी हाताने लिहिणार हे मी सांगून टाकलं. कंप्युटर गेला उडत. ट्रेसिंग पेपर टेबलाला चिकटवला आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं अक्षर काढलं. एक वेलांटी दुसरीपेक्षा केसभर खालीवर नाही. शेवटच्या ओळीशी आले. व लिहिला. थांबले. पुढे डी लिहिली, मंडळींनी लिहिलं, ओळ पुरी केली. मध्ये जागा सोडली.

जावेला हाक मारली. "इथं तुझं अक्षर टाक."

हे मी प्रेमाने केलं असं कोणाला वाटत असेल तर वाटो. मला परतफेड करायची होती. तिचं काही माझ्या अंगावर नको होतं. माझ्या मुलीच्या लग्नात ती पहिली पत्रिका मी तिच्या हातात कोंबणार होते, आणि मोकळी होणार होते.

तिने जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कंप्युटरातून काढून चिटकवू?"

"चिटकव."

ती बसली. नव्या कंप्युटरात तिने ऱ्ह टिचकला, आणि गंमत पाहा, तो आला नाही. कधी र ह च्या डोक्यावर चढून बसायचा, कधी खालच्या टिंबासकट पाय मोडून अलग उभा राहायचा आणि ह दुसरीकडे. नागपूरच्या त्या मिशीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, नंबर सगळ्यांना दिले आहेत, पण दोन नंबर आले की त्यांना जोडायचं कसं हे कंप्युटरलाच ठरवावं लागतं, आणि हे एक जोडणं त्याला अजून जमत नाही. जुना कंप्युटर तोच माणूस बदल्यात घेऊन गेला होता, जोडभावासकट. जगातल्या सगळ्या भाषा ज्यात मावल्या त्यात आमचा ऱ्ह पुन्हा बाहेरच उभा होता.

या खेपेला मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. स्वतः खुर्चीवर बसून टिचकून पाहिलं. खरंच येत नव्हता.

"मंग हातानं काढ," मी म्हटलं आणि माझं पेन तिला दिलं.

तिने ते पोळीचं लाटणं धरतात तसं धरलं. तिला सवयच नव्हती. जीभ दातात धरून तिने ऱ्ह काढला. र ची ती बारीक वळणाची रेघ जाड झाली, ह चं पोट फुगलं आणि शेपूट खालच्या ओळीत उतरलं. माझ्या मोत्यांच्या ओळीत तो वांग्यासारखा बसला. माझा हात ब्लेडकडे गेला, खरवडून नीट करायला. मग मी हात मागे घेतला, कारण मी तो नीट केला असता तर शेवटचं अक्षर माझं झालं असतं.

पत्रिका छापून झाल्या. पहिलीला मी हळद-कुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी तिला दिली. पेढा दिला. तिने तो अर्धा केला नाही, सगळा खाल्ला, आणि तिचे डोळे भरले. मी लगेच माझा डबा उघडला आणि तिच्यासमोर बसून पूर्ण जेवले. भूक नव्हती. पण शेवटचा घास तिने पाहेपर्यंत मी उठले नाही.

लग्नानंतर आम्ही दोघी पहिल्यांदा मुलीच्या सासरी गेलो. विहीणबाईंनी ती पत्रिका काचेखाली घालून बैठकीत लावली होती. मी सरसावून बसले. विहीणबाई उठल्या आणि त्यांनी बोट नेमकं त्या वांग्यावर ठेवलं.

"हे येवढं अक्षर कोनं हातानं काढलं हो? पोरगी सांगत होती, काकूनं. लय जीव लावला असन पोरीले. माणसाचा हात लागला की कसं कळूनच येते."

जाऊ लाजली.

"अन बाकीचं कंप्युटरचं दिसते," विहीणबाई म्हणाल्या. "तेही छान आहे."

जावेने माझ्याकडे पाहिलं आणि सांगायला तोंड उघडलं. मी पदराखालून तिच्या मांडीला करकचून चिमटा काढला. ती गप्प बसली. तिची आणखी एक मेहेरबानी मला पचली नसती.